लेनरसेप्टची चाचणी: मारेकरी समजून अडवलेल्या रेणूचं प्रकरण

१९९९ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एका औषधचाचणीचा निकाल छापून आला. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं वेष्टण नष्ट करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराच्या, म्हणजे एमएसच्या, १६८ रुग्णांवर ती चाचणी झाली होती. औषधाचं नाव लेनरसेप्ट. मेंदूतल्या आधारपेशींचा जीव घेणारा एक रेणू शरीरातच पकडून ठेवायचा, म्हणजे त्या पेशी वाचतील आणि आजार आटोक्यात येईल, असा हिशेब होता. घडलं उलटंच. खरं औषध मिळालेल्या गटांत आजाराने जास्त जणांमध्ये उचल खाल्ली, आणि प्लासिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा मिळालेल्यांपेक्षा, लवकर खाल्ली.

औषधं फसतात, त्यात नवल नाही. पण हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं, कारण इथे कुणी हलगर्जीपणा केला नव्हता. प्रयोगशाळेतला पुरावा होता, रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्याचा पुरावा होता, उंदरांवरचा पुरावा होता, आणि सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. तरीही माणसांमध्ये निकाल उलटा लागला. तो का लागला, हे समजून घेताना पेशी जगतात कशा आणि मरतात कशा याबद्दलची आपली समजच बदलते.

पेशी आणि रेणू

मेंदूत चेतापेशींच्या जोडीला ग्लिया नावाच्या आधारपेशी असतात. त्यातल्या ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींचं काम म्हणजे चेतातंतूंभोवती मायलिनचं वेष्टण घालणं. एक ऑलिगोडेंड्रोसाइट आपले बारीक हात लांबवून आजूबाजूच्या अनेक तंतूंचे तुकडे गुंडाळते. काही पेशी तर पन्नासच्या आसपास तुकडे सांभाळतात. म्हणजे अशी एक पेशी मेली की कित्येक ठिकाणी तंतू उघडे पडतात. उघड्या तंतूतून संदेश रेंगाळतो, कधी वाटेतच थांबतो. रुग्णाला ते एका डोळ्याने अंधूक दिसणं, पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं अशा रूपात जाणवतं. ऑलिगोडेंड्रोसाइट तंतूला पोषणही पुरवते, त्यामुळे वेष्टण गेलेला तंतू पुढे स्वतःच झिजू लागतो. एमएसमध्ये कायमचं अपंगत्व येतं ते मुख्यतः या झिजेमुळे.

पुढे कामाला येणारी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मोठ्या माणसाच्या मेंदूतही ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वज पेशी सगळीकडे विखुरलेल्या असतात. जवळपास इजा झाली की त्या विभागतात, इजेच्या जागी पोचतात, परिपक्व होतात आणि उघड्या तंतूंवर नवं, जरा पातळ मायलिन चढवतात. एमएसचा रुग्ण एका झटक्यातून, म्हणजे लक्षणं अचानक उफाळण्यातून, महिन्याभरात सावरतो, त्यामागे सूज ओसरणं हे एक कारण, आणि ही दुरुस्ती हे दुसरं.

आता रेणू. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना आणि इतर पेशींना निरोप धाडतात ते सायटोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांमार्फत. त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रथिन म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, टीएनएफ. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतल्या संशोधकांनी १९७५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि १९८४ मध्ये त्याचं जनुक हाती आलं. मॅक्रोफेज आणि टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशी ते बनवतात. मेंदूत मायक्रोग्लिया आणि अॅस्ट्रोसाइट या इतर आधारपेशी बनवतात. टीएनएफ आधी बनवणाऱ्या पेशीच्या पटलावरच रोवलेलं असतं. मग एक विकर (एन्झाइम) ते कापून मोकळं करतं आणि ते आसपासच्या द्रवात तरंगू लागतं. रोवलेलं आणि तरंगतं ही दोन रूपं लक्षात ठेवा. प्रकरणाचा उलगडा बऱ्याच अंशी त्यातच आहे.

संशय कसा बळावला

१९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये क्रिश्तोफ सेल्माय आणि सेड्रिक रेन यांनी एक प्रयोग केला. उंदराच्या मज्जारज्जूचे तुकडे त्यांनी काचपात्रात वाढवले. अशा तुकड्यात चेतापेशी, तंतू, ऑलिगोडेंड्रोसाइट हे सगळं एकत्र नांदतं आणि काही आठवड्यांत तंतूंवर खरोखरचं मायलिन चढतं. त्यात त्यांनी टीएनएफ घातलं. लगेच काही दिसलं नाही. साधारण दिवस उलटत आला तसं मायलिनचे थर एकमेकांपासून सुटून फुगू लागले, ऑलिगोडेंड्रोसाइट मरू लागल्या, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत काही तंतू पूर्ण उघडे पडले होते. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र एमएसच्या रुग्णाच्या मेंदूतल्या चित्राच्या इतकं जवळ जाणारं होतं, की ते पाहणाऱ्याच्या मनात गुन्हेगार ठरून गेला तर त्याला दोष देता येणार नाही.

पुढचे पुरावे भराभर आले. मृत रुग्णांच्या मेंदूतल्या चट्ट्यांमध्ये टीएनएफ सापडलं. १९९१ मध्ये लंडनहून शरीफ आणि हेंटजेस यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवलं की आजार सतत वाढत चाललेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मणक्यातल्या पाण्यात टीएनएफची पातळी चढलेली असते, आजार स्थिरावलेल्यांमध्ये ती तशी चढलेली नव्हती. उंदरांमध्ये एमएससारखा आजार मुद्दाम घडवता येतो, त्याला ईएई म्हणतात. टीएनएफ निकामी करणारी प्रतिपिंडं दिली की तो आजार दबत होता. अथेन्सच्या पाश्चर संस्थेत असे उंदीर तयार केले गेले, ज्यांच्या मेंदूत टीएनएफ जन्मापासून जास्त बनतं. त्यांना बाहेरून काहीही न करता मायलिन गळण्याचा आजार झाला.

लेनरसेप्टचीही उंदरांवर परीक्षा झाली होती. टीएनएफला पकडणारा जो रिसेप्टर पेशींच्या पृष्ठभागावर असतो, त्याचा बाहेरचा भाग माणसाच्या प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडून हे औषध बनवलं होतं. ते शरीरात फिरतं, टीएनएफला चिकटतं आणि खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोचू देत नाही. ईएईत त्याने आजार रोखला होता. माणसांवर चाचणी करायला यापेक्षा भक्कम आधार त्या काळात क्वचितच कुणाकडे असेल.

अॅमस्टरडॅमचे दोन रुग्ण

धोक्याची घंटा एकदा वाजली होती. १९९६ मध्ये अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी आजार झपाट्याने वाढणाऱ्या दोन एमएस रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं. तेच आज आपण इन्फ्लिक्सिमॅब म्हणून ओळखतो. प्रत्येक डोसानंतर एमआरआयमध्ये गॅडोलिनियमने उजळणारे, म्हणजे ताज्या सुजेचे, चट्टे वाढले. मणक्यातल्या पाण्यात पेशी वाढल्या. काही आठवड्यांनी हे सगळं खाली आलं, पुढचा डोस दिला की पुन्हा वर गेलं. रुग्णांच्या तब्येतीत मात्र उघड फरक पडला नाही.

दोनच रुग्ण, तेही आधीच गंभीर. त्यावरून निष्कर्ष काढणं अवघड होतं हे मान्य. पण डोस आणि चट्टे यांची पावलाला पाऊल लावून झालेली चढ-उतार हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हता. दोन रुग्णांवरची तपशीलवार नोंद छापल्याबद्दल त्या डॉक्टरांचे आभार मानायला हवेत. अशा नोंदी अनेकदा कपाटातच राहतात.

चाचणी

लेनरसेप्टची चाचणी शिस्तशीर होती. बहुतेक रुग्ण आजार येऊन-जाऊन असणाऱ्या प्रकारातले. चार गट: प्लासिबो, १० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम. दर चार आठवड्यांनी शिरेतून औषध, जास्तीत जास्त ४८ आठवडे. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. एमआरआयची चित्रं व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने वाचली. मुख्य मोजमाप ठरलं होतं ते याच चित्रांवर: नवे सक्रिय चट्टे किती पडतात.

चित्रांवर काहीच फरक दिसला नाही. लेनरसेप्ट घेणारे आणि न घेणारे, चट्टे सारखेच. फक्त चित्रांवर विसंबून ही चाचणी केली असती, तर ‘फायदा नाही, पण तोटाही नाही’ असा शेरा बसला असता. रुग्णांचे झटके मात्र वेगळं सांगत होते. झटका आलेल्या रुग्णांची संख्या औषधाच्या गटांत लक्षणीय जास्त होती (असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात सात), झटके लवकर येत होते, आणि झटक्यात होणारी इजाही जास्त तीव्र असण्याकडे कल होता. कायमच्या अपंगत्वाच्या मोजपट्टीवर चाचणीच्या काळात फरक पडला नाही, एवढाच काय तो दिलासा.

इथे एक विचित्र जोडी दिसते. अॅमस्टरडॅमला चित्रं बिघडली आणि रुग्ण तसेच राहिले. लेनरसेप्टला रुग्ण बिघडले आणि चित्रं तशीच राहिली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत व्यवहारी धडा या जोडीत आहे. चट्टा हा आजाराचा एक साक्षीदार आहे, आजार नव्हे. झटका आला म्हणून फोन करणाऱ्या रुग्णाची नोंद वेळच्या वेळी होत होती आणि तुलनेला प्लासिबोचा गट होता, म्हणूनच हे उघडकीस आलं. एमएसमध्ये झटके आपोआपही येतात. तुलनेला कुणी नसतं, तर ‘आजारच तसा आहे’ म्हणून प्रत्येक झटका पचून गेला असता.

लेनरसेप्ट एमएसचं औषध झालं नाही.

दुसरी बाजू

निकालाच्या आधीच, १९९८ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक अडचणीची गोष्ट मांडली होती. ज्या उंदरांत टीएनएफचं जनुकच नाही, त्यांना ईएई सौम्य व्हायला हवा. काही जातींत तो उलट जास्त तीव्र झाला. टीएनएफ परत पुरवल्यावर कमी झाला. म्हणजे सूज पेटवणारा हाच रेणू ती विझवण्यातही हातभार लावत होता.

पण आधारपेशींच्या दृष्टीने कोडं सुटायला सुरुवात झाली ती २००१ मध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, हेदर आर्नेट, जेनी टिंग, ग्लेन मात्सुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगाने. तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे.

त्यांनी क्युप्रिझोन नावाचं रसायन वापरलं. ते तांब्याला धरून ठेवतं. उंदरांच्या खाण्यात ते अगदी थोडं, ०.२ टक्के मिसळलं की काही आठवड्यांत मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या जाड पट्ट्यातल्या ऑलिगोडेंड्रोसाइट मरतात. बाकी पेशी बहुतांशी शाबूत राहतात आणि बाहेरून टी-पेशींचा हल्लाही फारसा होत नाही. खाणं पुन्हा साधं केलं की पूर्वज पेशी कामाला लागतात आणि मायलिन परत येतं. म्हणजे मरण आणि भरपाई या दोन्ही गोष्टी एकाच मेंदूत, ठरावीक वेळापत्रकाने बघता येतात. मेंदूच्या पातळ कापांना निळा रंग दिला की मायलिन निळं दिसतं आणि उघडा भाग फिका. विभागणाऱ्या पेशींना वेगळी खूण लावता येते आणि त्या मोजता येतात.

टीएनएफ नसलेल्या उंदरांत निळा रंग सुरुवातीला उशिरा फिका पडला. म्हणजे टीएनएफ नसल्याने ऑलिगोडेंड्रोसाइटचा नाश मंदावला. १९८८ चा प्रयोग खोटा नव्हता. पण नंतर निळा रंग परत यायला हवा होता, तिथे गाडी अडली. साध्या उंदरांचा पट्टा पुन्हा निळा होत असताना यांचा फिकाच राहिला. खूण लावलेल्या पेशी मोजल्या तर कारण दिसलं: विभागणाऱ्या पूर्वज पेशीच कमी होत्या, म्हणून पुढे परिपक्व ऑलिगोडेंड्रोसाइटही कमी.

मग त्यांनी एकेक रिसेप्टर नसलेले उंदीर घेतले. टीएनएफचे रिसेप्टर दोन. पहिल्याच्या आतल्या टोकाला पेशीला मरणाचा निरोप देणारा भाग असतो. दुसऱ्याला तो नसतो. पहिला रिसेप्टर नसलेल्या उंदरांत दुरुस्ती नीट झाली. दुसरा नसलेल्यांत ती रखडली.

पाण्याच्या टाकीची पातळी नुसत्या गळतीवर ठरत नाही, वर किती पाणी चढतंय त्यावरही ठरते. काचपात्रातल्या तीन दिवसांत सेल्माय आणि रेन यांना फक्त गळती दिसणं शक्य होतं. पूर्वज पेशींनी विभागून, परिपक्व होऊन मायलिन चढवायला आठवडे लागतात. लेनरसेप्टने गळती थोडी कमी केली असेलही, पण वर चढणारं पाणीही तोडलं, असा अर्थ त्यातून निघतो.

त्याच वर्षी त्याच विद्यापीठातून इंटरल्यूकिन-१ बीटा या दुसऱ्या सूजकारक सायटोकाइनबद्दलही असंच काही प्रसिद्ध झालं: ते नसलेल्या उंदरांत मायलिनची दुरुस्ती मागे पडली.

१९८८ चं काचपात्र पुन्हा तपासताना

आजच्या माहितीने तो पहिला प्रयोग वाचताना एक तपशील खटकतो. पात्रात ऊती उंदराची होती आणि घातलेलं टीएनएफ माणसाचं होतं. त्या काळी शुद्ध टीएनएफ सहज मिळत होतं ते तेच, त्यामुळे निवड स्वाभाविक होती. दोन वेगळे रिसेप्टर असतात हे तेव्हा कळलंही नव्हतं. १९९१ मध्ये उंदराचे दोन्ही रिसेप्टर वेगळे करून तपासले गेले तेव्हा समजलं, की माणसाचं टीएनएफ उंदराच्या पहिल्या रिसेप्टरला धरतं, दुसऱ्याला जवळपास धरतच नाही.

म्हणजे त्या पात्रात मरणाचा निरोप पोचवणारा दरवाजाच वाजला होता. दुरुस्तीच्या दरवाजापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. या एका गोष्टीने सगळं प्रकरण उलगडतं असं मी म्हणणार नाही. टीएनएफ ऑलिगोडेंड्रोसाइटला मारू शकतं हे पुढे इतर मार्गांनीही सिद्ध झालं. अथेन्सच्या उंदरांमध्ये ते पहिल्या रिसेप्टरवाटेच होतं हे १९९८ मध्ये दिसलं, आणि प्रौढ माणसाच्या ऑलिगोडेंड्रोसाइट टीएनएफने मरतात हे २००५ मध्ये रेन आणि सेल्माय यांच्याच गटाने दाखवलं. पण प्रयोगात वापरलेल्या कुपीवर कोणत्या प्राण्याचं नाव आहे, यावर निष्कर्षाची व्याप्ती किती ठरते, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे सांगायला हवं.

आता ती दोन रूपं. तरंगतं टीएनएफ पहिल्या रिसेप्टरला चांगलं चेतवतं. दुसरा रिसेप्टर नीट चेतवायला पेशीच्या पटलावर रोवलेलं टीएनएफ लागतं, म्हणजे एका पेशीने दुसरीला प्रत्यक्ष टेकावं लागतं. लेनरसेप्ट हा भेद करत नव्हतं. इटानरसेप्ट आणि इन्फ्लिक्सिमॅब ही आजची टीएनएफविरोधी औषधंही करत नाहीत.

म्हणून पुढच्या संशोधकांनी फक्त तरंगतं रूप निकामी करणारा रेणू तपासला. मायामीत रॉबर्टा ब्रॅम्बिला यांच्या गटाने २०११ मध्ये ‘ब्रेन’ नियतकालिकात दाखवलं, की ईएई झालेल्या उंदरांना अशा निवडक रेणूने फायदा होतो, तर दोन्ही रूपं अडवणाऱ्या इटानरसेप्टने होत नाही. २०१६ मध्ये त्याच गटाने दुसरा रिसेप्टर केवळ ऑलिगोडेंड्रोसाइटच्या कुळातून काढून टाकला, बाकी सगळ्या पेशींत ठेवला. आजार बळावला आणि मायलिनची दुरुस्ती मागे पडली. म्हणजे हा निरोप आधारपेशीला स्वतःलाच हवा असतो, हे पक्कं झालं.

तरीही एक आक्षेप उरतो

लेनरसेप्ट हा आकाराने मोठा रेणू. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत शाबूत असेल तर तो आत फारसा शिरत नाही. मग त्याने मेंदूतली दुरुस्ती अडवली कशी? एमएसच्या ताज्या चट्ट्यांत ही भिंत सैल झालेली असते, हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं, की बिघाड मेंदूबाहेर झाला. रागावलेल्या टी-पेशींचं काम झालं की त्यांना मरायला लावण्यात आणि आवर घालणाऱ्या टी-पेशींना बळ देण्यात टीएनएफचा हात असतो. ते अडवलं की टी-पेशी जास्त काळ टिकतात आणि मेंदूवर पुन्हा चालून जातात. झटके लवकर येणं हे मला या दुसऱ्या उत्तराशी जास्त जुळणारं वाटतं. दुरुस्ती न होण्याचा परिणाम सावकाश दिसायला हवा. झटका तीव्र असणं आणि त्यातून सावरणं कठीण होणं याला पहिलं उत्तर लागू पडतं. दोन्ही एकत्र घडत असतील तर त्यात विसंगती काही नाही.

२०१२ मध्ये या चर्चेला अनपेक्षित बाजूने दुजोरा मिळाला. ऑक्सफर्डच्या लार्स फुगर यांच्या गटाने पहिल्या रिसेप्टरच्या जनुकातला एक बारीक फरक तपासला. तो असलेल्या माणसांना एमएसचा धोका किंचित जास्त असतो. या फरकामुळे रिसेप्टरचा एक तुकडा अपुरा बनतो, पेशीला न चिकटता मोकळा सुटतो आणि टीएनएफला अडवू शकतो. म्हणजे काही माणसांच्या शरीरात जन्मापासून लेनरसेप्टसारखंच काहीतरी थोडं थोडं बनत असतं! आणि हाच फरक आमवाताचा किंवा क्रोन्स या आतड्यांच्या आजाराचा धोका वाढवत नाही, जिथे टीएनएफविरोधी औषधं छान काम करतात. हा अहवाल चाचणीच्या आधी हाती असता, तर ते १६८ रुग्ण कदाचित या वाटेला गेलेच नसते.

आधीचा इशारा, वेगळ्या रेणूचा

सायटोकाइनशी खेळताना एमएसच्या रुग्णांना फटका बसल्याची ही पहिली वेळ नव्हती. १९८७ मध्ये अमेरिकेत १८ रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन दिलं होतं, विषाणूंशी लढणारं म्हणून. उपचारादरम्यान सात जणांना झटके आले आणि ते थांबवावं लागलं. या रेणूची गंमत अशी, की ऑलिगोडेंड्रोसाइटवर त्याचा परिणाम वेळेप्रमाणे बदलतो. ब्रायन पोप्को यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की आजार सुरू होण्याआधी थोडंसं गॅमा इंटरफेरॉन मेंदूत मिळालं तर पेशीतली ताण सोसण्याची यंत्रणा आधीच जागी होते आणि ऑलिगोडेंड्रोसाइट तगतात. तेच दुरुस्तीच्या काळात मिळालं तर नव्या पेशींचं काम बिघडतं. रेणू तोच, मेंदू तोच, फक्त आठवडा वेगळा.

आजच्या दवाखान्यात

हे सगळं जुन्या चाचणीपुरतं राहिलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. टीएनएफविरोधी औषधं आज आमवात, मणक्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, सोरायसिस आणि क्रोन्स यांवर जगभर वापरली जातात आणि असंख्य माणसांचे आखडलेले सांधे त्यांनी मोकळे केले आहेत. अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये अॅडालिमुमॅब या टीएनएफविरोधी औषधाचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं पर्यायी रूप, भारतात आणलं, त्यानंतर ही औषधं आपल्याकडे पूर्वीपेक्षा आवाक्यात आली. पुण्या-मुंबईतच नव्हे, जिल्ह्याच्या गावीही आता असे रुग्ण भेटतात.

आपल्याकडे हे इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करतात, ती बरोबरच आहे. टीबीचे जंतू फुफ्फुसात गाठीत कोंडून ठेवण्यात टीएनएफचा मोठा हात असतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी उफाळल्याच्या ७० घटना एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हापासून ही खबरदारी रूढ झाली. टीबीचा प्रश्न आपल्या रुग्णांना नेमका कळतो. मायलिनचा प्रश्न मात्र बऱ्याचदा विचारायचा राहून जातो.

त्याच २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आलेल्या नोंदींतून संधिवाताचे १९ रुग्ण समोर आले, ज्यांच्यात टीएनएफविरोधी औषधानंतर मायलिन गळण्याची लक्षणं दिसली: १७ इटानरसेप्टवर, २ इन्फ्लिक्सिमॅबवर. औषध थांबवल्यावर त्यांची लक्षणं थोडीफार किंवा पूर्ण ओसरली. एकाला औषध पुन्हा दिलं, तर लक्षणं परत आली. त्या औषधांच्या माहितीपत्रकावर आज हा इशारा छापलेला असतो. असं क्वचित घडतं, आणि त्या भीतीने चालू असलेलं इंजेक्शन स्वतःहून बंद करू नये. आमवात मोकाट सुटला तर होणारं नुकसान रोजचं आणि खात्रीचं असतं.

पण सुरू करण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. एक, पूर्वी कधी एक डोळा दुखून त्याची नजर काही दिवसांसाठी गेली होती का, किंवा हातपाय आठवडाभर बधिर राहून आपोआप सुधारले होते का. ‘ते तेव्हा कमजोरीमुळे झालं होतं’ म्हणून आपण विसरून जातो, आणि तीच आठवण इथे कळीची असते. दुसरी, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला एमएस आहे का. इंजेक्शन सुरू असताना नजर धूसर झाली, डोळा हलवताना दुखू लागला, कमरेखाली बधिरपणा आला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. त्यांना मेंदू आणि मज्जारज्जूचा एमआरआय करावासा वाटेल.

आमवात आणि एमएस दोन्ही असलेल्या रुग्णासाठीही आता वाट आहे. तिथे संधिवाततज्ज्ञ टीएनएफविरोधी औषध टाळतात आणि बहुतेकदा रिटुक्सिमॅबचा विचार करतात. ते बी-पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी कमी करतं, टीएनएफच्या दोन्ही दरवाजांना हात लावत नाही, आमवातावर मान्यताप्राप्त आहे, आणि भारतात न्यूरॉलॉजिस्ट एमएससाठीही ते मोठ्या प्रमाणावर वापरतात. एकाच सलाइनमधून दोन्ही आजारांवर उपचार होतो, आणि पूर्वज पेशींना दुसऱ्या रिसेप्टरवाटे मिळणारा निरोप चालू राहतो.